पुठ्ठ्यावरची वाक्यं

मधल्या सुट्टीची घंटा झाली. वह्यांचा गठ्ठा काखोटीला मारून मी वर्गाबाहेर आलो, तर शाळेच्या फाटकापाशी अण्णा उभे. माझे हे थोरले भाऊ चिकपेटेतल्या साड्यांच्या एका दुकानात वीस वर्षं उभ्याने नोकरी करतात. कामाच्या दिवशी दुकान सोडून ते यशवंतपुरापर्यंत कधीच आले नव्हते. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी शाळेत नुसता निरोप पाठवला होता. हातात मिटलेली छत्री, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. मला बघूनही ते आत आले नाहीत आणि मीही लगेच पुढे गेलो नाही. त्या पंधरा पावलांच्या अंतरातच मला सगळं कळलं होतं... तरी मी आधी स्टाफरूममध्ये गेलो, वह्या टेबलावर ठेवल्या, खिशातली लाल पेन्सिल काढून त्यांच्यावर ठेवली आणि मगच फाटकाकडे निघालो. "सकाळी आठाला गेली," अण्णा म्हणाले. "मी होतो जवळ. तुझी वैनी नव्हती. बरंच झालं." एवढं बोलून ते बसच्या थांब्याकडे चालू लागले, आणि मी त्यांच्या मागून.

आमच्या यमुनाअक्काला जाऊन आता सात आठवडे झाले. ती बत्तीस वर्षांची होती, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल लिहायला या पुरवणीत जागा मिळाली याचा मला आनंद वाटायला हवा, पण ज्या कारणासाठी मी लिहायला बसलो आहे ते काही आनंदाचं नाही. वर्षभर आमच्या घराने एका बाईला गुन्हेगार ठरवून वागवलं. अक्काचा आजार तिने लपवला, असं आमच्या नात्यात कोलारपासून बेळगावापर्यंत बोललं गेलं. ती बाई म्हणजे माझी वैनी. तिने काहीही लपवलेलं नाही. हे ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे. मी बंगळुरात मुलांना इंग्रजी शिकवतो. मराठी आमच्या घरात पिढ्यानपिढ्या बोलली जाते, लिहिली फारशी जात नाही. त्यामुळे माझं लिहिणं तिकडच्या वाचकांना जरा कानडी वळणाचं वाटलं, तर सांभाळून घ्यावं.

अक्काचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं आणि एकविसाव्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन परत आली. तिचे यजमान कोलारला विषमज्वराने गेले होते. आमचे आईवडील त्याआधीच गेलेले. घर अण्णा आणि वैनीचं. मी तेव्हा बारा वर्षांचा. ती आली त्या दिवशी कुणी फारसं रडलं नाही. अण्णांनी ट्रंक माळ्यावर चढवली, वैनीने दोन वाट्या तांदूळ जास्त धुतले आणि तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर अक्काकडे गेलं. ते कुणी तिला दिलं नाही, तिने मागितलंही नाही. वैनीला त्या वर्षांत पाठोपाठ बाळंतपणं आली आणि चूल, ओरळू, भांडी हे सगळं अक्काच्या अंगावर पडलं. ओरळू म्हणजे डोशाचं पीठ वाटायचं मोठं दगडी उखळ; आमच्याकडे त्याला मराठी शब्द कुणी वापरत नाही. बसवनगुडीतल्या त्या घरात तो ओरळू खिडकीखाली रोवलेला होता. तिथे बसलं की वर गजांची खिडकी आणि गजांपलीकडे शेजाऱ्यांचं नारळाचं झाड.

इंग्रजीची सुरुवात त्या ओरळूपाशी झाली. मी हायस्कुलात होतो आणि पाठांतर मोठ्याने केल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे. क्रियापदांची तिन्ही रूपं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून घोकायचो. गो, वेंट, गॉन. एकदा मी मध्येच अडखळलो तर पीठ वाटता वाटता अक्कानेच पुढचं म्हटलं, "टेक, टूक, टेकन. काल म्हणालास की." तिने दगड फिरवायची लय त्या रूपांना बसवून टाकली होती, एका फेऱ्याला एक क्रियापद. मला गंमत वाटली. मी तिला अवघड अवघड क्रियापदं विचारून फसवायला बघायचो आणि ती फसायची नाही. कन्नड शाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या बाईने आपल्याहून आधी रूपं पाठ करावीत याचा मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू?

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कोलारहून पत्र आलं. अक्काच्या दिरांनी लिहिलं होतं की आईला आता उठवत नाही, तिचं सगळं जागेवर करावं लागतं. यमुना शेवटी आमच्या घरची सून, तिला पाठवून द्या. पत्रात 'कृपया' होतं, पण विनंती नव्हती. अण्णांनी ते जेवताना वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. अक्का वाढत होती. वाढणं संपल्यावर ती म्हणाली, "अण्णा, मी एस.एस.एल.सी.ला बसते. बाहेरून. पास झाले तर बायकांच्या ट्रेनिंगला घेतात, मग शाळेत लागता येतं." एस.एस.एल.सी. म्हणजे आमच्याकडची मॅट्रिक. अण्णांना हसू आलं, मग ते हसू त्यांनी आवरलं. "आणि नापास झालीस तर?" "तर कोलार," अक्का म्हणाली. करार इतका साधा होता. अण्णा वाईट नाहीत. त्यांना बहिणीच्या सासरचा मान आणि तिचं मन दोन्ही सांभाळायचं होतं आणि दोन्ही सांभाळायची ऐपत त्यांच्यात नव्हती. कोलारला त्यांनी वर्षभराची सवलत मागितली.

बाकीचे विषय तिला जड गेले नाहीत. अडत होतं ते इंग्रजी, आणि त्यातही दोन प्रश्न: दोन वाक्यं जोडून एक करा, आणि क्रियापदाचं योग्य रूप निवडा. मी तिचा मास्तर झालो. वहीपुढे बसायला तिला दिवसात सलग अर्धा तास मिळत नसे, म्हणून तिने आपली पद्धत काढली. अण्णांच्या दुकानात साड्यांच्या घडीत घातलेले पातळ पुठ्ठे येत; ते अण्णा घरी आणत, चूल पेटवायला. अक्काने ते चुलीपासून वाचवले. कात्रीने पत्त्यांच्या आकाराचे तुकडे कापायचे, वरच्या बाजूला दोन सुटी वाक्यं लिहायची, खाली जोडलेलं एक. ते तुकडे ती खिडकीच्या गजांमध्ये खोचून ठेवायची. ओरळूवर बसली की मान वर करून वाचायची, आमटी ढवळताना वाचायची, ताटं पुसताना वाचायची. दर रविवारी मी गजांमधले पुठ्ठे काढायचो, लाल पेन्सिलीने तपासायचो आणि परत खोचून ठेवायचो. बरोबर असेल तर खूण, चूक असेल तर दुरुस्ती, आणि फारच चांगलं जमलं असेल तर माझ्या सरांसारखा इंग्रजीत एखादा शेरा. आमची रविवारची भेट ती एवढीच, पण ती कधी चुकली नाही.

सुरुवातीला ती पुस्तकातलीच वाक्यं उतरवायची. मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातली येणार नाहीत, स्वतःची बनव. पुढच्या रविवारी पुठ्ठ्यांवर घरच अवतरलं. (वाक्यं इंग्रजीत होती, इथे मी मराठीत देतो.) 'दूध उतू गेलं. मी विहिरीवर होते.' 'वैनी झोपली आहे. बाळ रडत आहे.' मला हसू आवरेना. "अगं, हे काय? पेपर तपासणाऱ्याला आपल्या दुधाशी काय करायचंय? राजा शिकारीला गेला, वाघ पळाला, असं काहीतरी लिही."

"कुठला राजा?" अक्का म्हणाली. "मी बघितला नाही रे. न बघितलेलं मला लिहायला येत नाही."

"खरं असायची गरज नसते, अक्का. व्याकरण बरोबर असलं की झालं. खरं-खोटं कुणी बघत नाही."

"होय का?" ती म्हणाली, आणि थोडा वेळ दगड फिरवत राहिली. "सरी, बरं. बघत नाहीत तर बघत नाहीत."

तेव्हापासून तिच्या पुठ्ठ्यांवर अधूनमधून एखादा राजा यायला लागला. पण तो राजासुद्धा अण्णांसारखा छत्री घेऊन बाहेर पडायचा आणि त्याच्या राणीला जेवायला उशीर व्हायचा. मी ते अण्णांना वाचून दाखवून त्यांना चिडवायचो. ते हसायचे. त्या घरात हसण्याचे प्रसंग मोजकेच होते, त्यांतले बरेचसे त्या पुठ्ठ्यांमुळे आले.

मार्चच्या परीक्षेत ती इंग्रजीत नापास झाली, अगदी थोडक्यात. सप्टेंबरच्या फेरीत पुन्हा तेच. तिने निकाल ऐकला, पदराने हात पुसले आणि चुलीवरचं भांडं उतरवलं. अण्णा म्हणाले, "साकु आता, यमुने. पुरे झालं. कोलारहून तिसरं पत्र आलंय." त्या दिवशी तिच्या बाजूने बोलली ती वैनी. वैनी फार बोलणारी नाही. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि अण्णांपुढे तिने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "आणखी एकदा बसू दे तिला," ती म्हणाली. "मार्चपर्यंत चूल मी बघते. तिकडे जाऊन ती काय करणार आहे ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही." अण्णांनी मान हलवली. हीच ती वैनी, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

मग ती शेवटची हिवाळ्याची सहामाही आली. माझी बी.ए.ची परीक्षा त्याच मार्चमध्ये होती आणि माझ्या डोक्यावर माझंच ओझं होतं. पुठ्ठ्यांची संख्या मात्र वाढली. कधी कधी एका रविवारी तीसचाळीस. मी ते पिशवीत टाकून कॉलेजला न्यायचो, बसमध्ये उभ्याने तपासायचो, एखादा गठ्ठा तर दोन तासांमधल्या दहा मिनिटांत. डोळे वाक्यावरून फिरायचे ते क्रियापद शोधत. क्रियापद सापडलं, रूप बघितलं, जोडणारा शब्द बघितला, खूण केली, पुढचा. कार्तिकात बसवणाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरली तेव्हा वैनीने तिला जबरदस्तीने बाहेर काढलं. आम्ही तिघं गेलो. भाजलेल्या शेंगांची पिशवी अक्काने डाव्या हातात घेतली होती, ती जड झाली तरी हात बदलला नाही. मी म्हटलं, दे इकडे. "परवागिल्ला," ती म्हणाली, "असू दे, मला सवय झालीय." ओरळूही ती हल्ली डाव्या हाताने फिरवायची. मी बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, डोळ्यांसमोर चाललं होतं.

जानेवारीत तिचं अक्षर बिघडलं. आधी ते टपोरं आणि सरळ होतं, आता ओळी खाली उतरायला लागल्या, शेवटची अक्षरं एकमेकांत शिरायला लागली. मी तिच्यावर ओरडलो. खरंच ओरडलो, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान असून. "हे असलं अक्षर कोण वाचणार? पेपर तपासणारा बघताक्षणी बाजूला टाकेल. घाई कसली आहे तुला एवढी?" ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडणार. रडली नाही. "स्वल्प हात दुखतो," म्हणाली. मी म्हटलं, ओरळूवर कमी बस. आणि खरं तर तिला तेव्हा ओरळूवर बसावं लागतच नव्हतं. वाटणं वैनीने हातात घेऊन दोन महिने झाले होते.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी अण्णांनी दुकानातून तिच्यासाठी पांढऱ्यावर बारीक निळ्या ठिपक्यांची साडी आणली, तिच्यासारख्या बाईने नेसायला चालेल अशी खात्री करून. कोलारला नकाराचं पत्र मी लिहिलं. वर्षभर ट्रेनिंग झालं आणि पुढच्या जूनमध्ये ती घराजवळच्याच एका कन्नड प्राथमिक शाळेत लागली. दुसरीचा वर्ग. पोरं तिला 'मिस' म्हणायची, आणि ती हाक रस्त्यात ऐकली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं. तीच साडी ती आठवड्यातून तीनदा नेसून जायची. हे नऊ महिने चाललं. बत्तीस वर्षांत तिला तिचे असे मिळाले ते हे नऊ महिने.

फेब्रुवारीत एका दुपारी शाळेतून आल्यावर ती बाथरूममधून बराच वेळ बाहेर आली नाही. वैनीने दार ढकललं आणि तिला पोलक्यावरचा डाग दिसला. वैनीच्या किंकाळीने शेजारचे लोक आले. दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ छातीतली आहे, फुटली आहे, काखेत उतरली आहे, दोन वर्षांची तरी जुनी असेल. "एवढे दिवस घरात कुणालाच माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं. आम्ही आत गेलो. अण्णांनी खाटेशी वाकून तोच प्रश्न केला, रागाने नाही, जवळजवळ हात जोडून. "यमुने, सांगायचं नाहीस का गं कुणाला?"

अक्काने डोळे मिटलेले होते. "सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कुणाला?"

अण्णांनी पुन्हा विचारलं, तिने तोंड भिंतीकडे केलं.

त्या दोन शब्दांनी आमचं घर मोडलं. बाईने असली गोष्ट सांगितली असेल तर घरातल्या बाईलाच, यात कुणाला शंका वाटली नाही. वैनीने देवाची शपथ घेतली, मुलांच्या डोक्यावर हात ठेवला. अण्णांनी तो हात बाजूला केला. त्यांचं म्हणणं असं की चूल परत आपल्या गळ्यात पडेल म्हणून हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मार्चपर्यंत चूल मी बघते म्हणणाऱ्या बाईबद्दल ते हे बोलत होते... पण दुःखात माणसाला आठवतं ते सोयीचं आठवतं. नातेवाईक भेटायला येत, दवाखान्यात रडत आणि आमच्या घरी वैनीच्या हातचा चहा न पिता जात. अण्णांनी वैनीला दवाखान्यात यायला बंदी केली. अक्काने विचारलं की सांगायचे, धाकट्याला ताप आहे, उद्या येईल. तिच्यापर्यंत यातलं काही पोहोचू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मीही त्यात होतो. मी वैनीवर ओरडलो नाही, पण एकदाही म्हटलं नाही की अण्णा, हिच्यावर विश्वास ठेवा. मलाही वाटत होतं की सांगितलं असेल तर हिलाच.

शेवटच्या महिन्यात मी यशवंतपुराहून दर दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर जायचो. लग्नानंतर मी तिकडे बिऱ्हाड केलं होतं. वह्या बरोबर असायच्या, खाटेशेजारी बसून तपासायचो. तिला पेन्सिलीचा आवाज आवडतो, असं ती म्हणायची. उजवा हात सुजून उशीवर ठेवलेला असे. एका संध्याकाळी बराच वेळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "रघू, पोरांच्या वह्या वाचतोस का रे?"

"तपासतोय की," मी म्हटलं.

"तपासतोस ते दिसतं. वाचतोस का?"

"दोन्ही एकच, अक्का."

ती हसली. दुखण्याने हसणं अर्धवट राहिलं. "सरी," म्हणाली. त्यानंतर आमचं नीट असं बोलणं झालं नाही, आणि चार दिवसांनी अण्णा माझ्या फाटकापाशी आले.

तेराव्यानंतर मी निघालो तेव्हा वैनीने माझ्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. "तिचे पुठ्ठे आहेत," म्हणाली. "पास झाल्यावर तिने खिडकीतून काढून यात भरले. मला वाचता येत नाही. तू तिचा मास्तर होतास, तुझ्याकडे असू देत." तो डबा मी घरी नेला आणि बरेच दिवस उघडला नाही. एका रविवारी, कारण रविवारीच आम्ही ते करत असू, मी तो जमिनीवर ओतला आणि पहिल्यांदाच, काही तपासायचं नसताना, एकेक पुठ्ठा वाचायला लागलो. विहीर, दूध, छत्रीवाला राजा. शेंगांची जत्रा. मला बरं वाटत होतं. तिचा आवाज ऐकू येत होता. आणि मग अक्षर बिघडायला लागलेल्या पुठ्ठ्यांमध्ये मला तो सापडला.

वर दोन सुटी वाक्यं. 'माझ्या छातीत एक गाठ आहे. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.' खाली ती जोडलेली: 'माझ्या छातीत गाठ असूनही मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.' एका क्रियापदाचं रूप चुकलं होतं. ते मी लाल पेन्सिलीने खोडून वर बरोबर लिहिलं होतं. शेजारी बरोबरची खूण.

मी लादीवर किती वेळ बसलो होतो, सांगता येणार नाही. हळूहळू आठवलं. तिने मला एका सकाळी अंगातल्या गाठीला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं होतं, आणि मी आंघोळीला जाता जाता शब्द सांगितला होता, स्पेलिंगसकट. मराठीत ती मला हे सांगू शकत नव्हती. धाकट्या भावापुढे छाती हा शब्द उच्चारेल अशी बाई आमच्या घराण्यात जन्मलेली नाही. वैनीला सांगितलं असतं तर वैनी अण्णांकडे धावली असती, दवाखाना सुरू झाला असता, मार्च हातातून गेला असता आणि पुढे कोलार. म्हणून जी भाषा घरात माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती तिच्यात तिने ते लिहिलं, चुलीच्या वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खोचून ठेवलं आणि रविवारची वाट बघितली. रविवारी मी ते वाचलं, असं तिला वाटलं. खूण केली, काही बोललो नाही. तिने काय समजायचं? रघूने वाचलं आणि तो गप्प आहे, म्हणजे काळजीसारखं नसेल? की रघूला कळलं आहे आणि परीक्षेसाठी तोही गुपित सांभाळतो आहे? यातलं काय, ते आता मला कुणी सांगणार नाही. मी बी.ए. झालेला, इंग्रजीचा मास्तर. माझी लाज मला हे लिहितानाही सोडत नाही, आणि तिने सोडूही नये.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी बसवनगुडीला गेलो. अण्णा दुकानात गेले होते. (त्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यापुढचं त्या दोघांचं आहे.) वैनी ओरळूवर बसली होती. मी उंबऱ्यावर बसलो, लहानपणी बसायचो तिथेच, आणि म्हटलं, "वैनी, अक्काने सांगितलं होतं ते तुम्हाला नाही. मला."

दगड थांबला. मी खिशातून पुठ्ठा काढला आणि अक्काची वाक्यं मराठी करून वाचून दाखवली. माझा आवाज मला परका वाटत होता. वैनीने पिठाचे हात कोपरापर्यंत निथळवले, पदराला पुसले आणि पुठ्ठा माझ्याकडून घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वर्षभरात ते संपलं असेल. तिने तो उलटसुलट करून पाहिला, अक्काच्या खाली उतरलेल्या ओळींवरून बोट फिरवलं.

"तू वाचलं नाहीस?"

"व्याकरण बघितलं, वैनी."

ती मला टाकून बोलेल, निदान एक शब्द बोलेल, म्हणून मी थांबलो. ती पुठ्ठ्याकडेच बघत होती. मग तिने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी वाचताना ते गाळलं होतं.

"हे लाल काय आहे? हे तिचं अक्षर नाही."

"माझं आहे."

"काय लिहिलंस?"

मला सांगावंच लागलं. "'छान. असंच आणखी एक लिही.'"

बाहेर शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. मग वैनीने अगदी हळू विचारलं, "मग, लिहिलं तिने?"

मी खिशातून दुसरा पुठ्ठा काढला. 'दसऱ्याला गाठ वाटाण्याएवढी होती. आता ती सुपारीएवढी झाली आहे.' खाली एक वाक्य, सगळी रूपं बरोबर, आणि शेजारी माझी खूण. वैनीने ऐकून घेतलं. मग ती उठली, दोन्ही पुठ्ठे खिडकीच्या गजांमध्ये, अक्का खोचायची तिथेच खोचले आणि पुन्हा वाटायला बसली. मी गेलो की ते अजून तिथे असतात. मी उंबऱ्यावर बसतो आणि ते वाचतो.